पागडीची खोली आणि तिची पावती

हा लाकडी जिना गिरगावातल्या एका चाळीचा. कठडा हात घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की उजेड पडला की चमकतो. वर दुसऱ्या माळ्यावर आलात की गॅलरीखाली हे टेकू दिसतात, पोरं त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात आणि पावसाळ्याच्या आधी कुणीतरी येऊन ठोकून बघून जातं. समोरच्या गल्लीत भुयारी मेट्रोचं स्टेशन झालं, रस्ता नवा झाला, पण हे टेकू तिथेच.

ही इमारत 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, हिशोबात अ वर्गातली उपकरप्राप्त. त्या तारखेनंतर 1950 पर्यंतच्या ब वर्गात आणि तिथून पुढे 1969 पर्यंतच्या क वर्गात. शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर सरकारने 1969 पासून दुरुस्तीचा उपकर लावला, लोक त्याला सेस म्हणतात, आणि तेव्हापासून अशा इमारतींच्या मोठ्या दुरुस्तीचं काम दुरुस्ती मंडळाकडे आलं.

आता इथे राहणाऱ्या काकूंचा हा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात भाडेपावत्या आहेत, सासऱ्यांच्या नावाच्या, मग नवऱ्याच्या नावाच्या. काकू एकेक पावती मांडीवर पसरून दाखवतात. ही बघा, खोली नंबर, माळा, महिना, भाडं चौसष्ट रुपये, खाली सेस वेगळा लिहिलेला, कोपऱ्यात रेव्हेन्यू स्टँप आणि त्यावर मालकाच्या मेहताजीची, म्हणजे भाडं गोळा करणाऱ्या माणसाची, तिरकी सही. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, इथल्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या खणात असा एखादा डबा किंवा फाईल असते आणि घरातल्या दागिन्यांपेक्षा तिची काळजी जास्त घेतली जाते. आणि घ्यायलाच पाहिजे. पागडीच्या, म्हणजे आधी एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या, खोलीत खरेदीखत नसतं, शेअर सर्टिफिकेट नसतं. भाडेकरूच्या हातात जे काही आहे ते हेच.

चौसष्ट रुपये कसे काय, असं नवीन माणूस हमखास विचारतो. त्यासाठी बरंच मागे जावं लागेल. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली, भाडी वाढली, म्हणून 1918 ला भाड्यावर पहिल्यांदा कायद्याचा लगाम आला. मग दुसरं महायुद्ध, त्यानंतर फाळणी, शहरात माणसं मावेनात. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा त्या वेळचा. त्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 ला जे होतं तिथे गोठवलं, त्यालाच प्रमाण भाडं म्हणतात. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं चालला. गिरणीतला कामगार, कारकून, शिक्षक, खानावळवाल्या बायका, ही सगळी माणसं शहराच्या मधोमध राहू शकली ती ह्या कायद्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

पण भाडं गोठलं तशी पागडी सुरू झाली. खोली द्यायची तर आधी एकरकमी पैसे, आणि भाडेकरूने पुढे दुसऱ्याला द्यायची तर त्यातला हिस्सा मालकाला, साधारण तिसरा हिस्सा असा रिवाज पडला. 1947 च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, त्यामुळे सगळा व्यवहार पावतीशिवाय. पिढ्यान् पिढ्या लोकांनी कर्ज काढून, दागिने मोडून हे पैसे भरले आणि कागदावर फक्त भाडं राहिलं. 1997 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोठवलेलं प्रमाण भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 56 ने भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना पैसे घेणं कायदेशीर केलं, आणि कलम 11 ने भाडं दरवर्षी चार टक्के वाढवायची मालकाला मुभा दिली.

मालकाची बाजूही आहे. एवढ्या भाड्यात इमारतीला रंगसुद्धा लागत नाही हे खरंच आहे, आणि मालकांच्या संघटना वर्षानुवर्षं कोर्टात भांडतायत. पण ज्याने पागडी मोजली त्याला फुकटात राहणारा म्हणणं आम्हाला पटत नाही.

काकूंच्या स्वयंपाकघरात या. हा ओटा त्यांनी नंतर बांधून घेतला, आधी खाली बसूनच रांधायच्या. ओटा बांधला तेव्हा मालकाच्या माणसाने येऊन सांगितलं होतं की परवानगीशिवाय बांधकाम केलंत, खोली जाईल. आता 1999 चा कायदा काय म्हणतो ऐका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर खोली खाली करायला लावता येते हे बरोबर, पण त्याच कलम 16 मधे पुढे स्पष्ट लिहिलंय की स्वयंपाकाचा उभा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं, हे पक्क्या बांधकामात धरायचं नाही. पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घ्यायची, बस. काकू त्या माणसाच्या बोलण्याने कितीतरी रात्री झोपल्या नव्हत्या.

गॅलरीतला हा नळ आणि जिन्यातला दिवा. पाणी, वीज, जिन्यातला उजेड, साफसफाई, ह्यातलं काहीही मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही, कलम 29. तोडलं तर भाडेकरू कोर्टात अर्ज करू शकतो आणि कोर्ट ते चालू करून द्यायचा हुकूम देतं. राहण्याजोगी दुरुस्ती ठेवणं हे मालकाचं काम आहे, कलम 14. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. महिना चौसष्ट रुपये भाड्याचा वर्षाचा चौथा हिस्सा धरून गॅलरी कशी उभी राहणार हा प्रश्न आहेच, म्हणून तर दुरुस्ती मंडळाचे टेकू.

आणि पावती. भाडं घेतलं की लेखी पावती द्यायलाच लागते, ते मालकाच्या मर्जीवर नाही. तरी बऱ्याच चाळींत इमारतीवर बिल्डरची नजर पडली की मालक एकदम भाडं घ्यायचं बंद करतो, मेहताजी यायचा थांबतो. उद्या थकबाकीदार ठरवायला सोपं जातं. तेव्हा जुनी माणसं मनी ऑर्डरने भाडं पाठवायची, ती परत यायची, आणि परत आलेल्या मनी ऑर्डरच्या स्लिपा त्याच डब्यात जायच्या, ह्या बघा गुलाबी रंगाच्या. थकबाकीसाठी मालकाला लगेच दावा लावता येत नाही, आधी लेखी नोटीस आणि नव्वद दिवस. दावा लागल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, पंधरा टक्के व्याज आणि खर्च भरला तर त्या कारणाने खोली जात नाही.

हे धोबीतलावचं लघुवाद न्यायालय, सगळे स्मॉल कॉजेस म्हणतात. आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून फाटकावरूनच दाखवतोय. बगलेत फाईल घेऊन येणारी ही माणसं बघा, काहींचे दावे आईवडिलांनी लावलेले आहेत. इथे सगळ्यात जास्त गुंता होतो तो वारसाचा. भाडेकरू वारला की खोली आपोआप थोरल्या मुलाची होते असं लोक धरून चालतात. तसं नाही. मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी, तसं कुणी नसेल तर वारस, आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवणार. म्हणजे ज्या सुनेने किंवा मुलीने शेवटपर्यंत तिथे राहून केलं तिचा हक्क डोंबिवलीला फ्लॅट घेतलेल्या भावाच्या आधी येतो, पण राहत होतो हे दाखवायला रेशनकार्ड, बेस्टचं वीजबिल, मतदार यादीतलं नाव लागतं. काकूंच्या नावावर पावती अजून झालेली नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मालकाला रजिस्टर पोस्टाने अर्ज आत्ता कुठे गेलाय.

तिसऱ्या माळ्यावर ही कुलूप लावलेली दारं. पोरं विरारला गेली, खोली राहू दे म्हणून ठेवली. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर मालकाला तेवढ्यावर दावा लावता येतो. परस्पर भाड्याने दिली तरी तेच.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं सगळं वेगळं, अकरा महिने असो की तीन वर्षं, करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. त्यांच्यावर दुसरा भाग करू.

रिडेव्हलपमेंटची ही मीटिंग चाळीच्या अंगणात, सत्यनारायणाच्या मांडवातच. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम 33(7), त्याखाली 51 टक्के रहिवाशांची संमती लागते आणि राहत्या खोलीच्या बदल्यात कमीत कमी 300 चौरस फूट कार्पेट, मालकी हक्काने. यादीत कोणाचं नाव येणार ते पावतीवरून. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2014 ला सांगितलंय, तरी घर खाली करायच्या आधी पर्यायी जागेचा रजिस्टर केलेला करार हातात घ्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून. 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली, तीसच्या वर माणसं गेली. 2019 ला डोंगरी. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेल्या काही घरांची पुढची पिढी तिथेच जन्माला आली आणि अजून तिथेच राहते.