भूत आलं तर निदान सोबत तरी होईल

नमस्कार मंडळी, हॉरर म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर करकरणारं दार, मग धाडकन म्युझिक आणि आपण खुर्चीवरनं उडालेलो. आज ज्या पिक्चरांबद्दल बोलणारय त्यात हे जवळजवळ नाहीच. त्यात माणूस एकटा पडलाय आणि भीती कशाची, तर घरात कुणीतरी आहे याची नाही, कुणीच नाहीये याची.

१९६५ चा रिपल्शन घ्या. लंडनमधला फ्लॅट, ब्लॅक अँड व्हाइट, बहीण आपल्या मित्राबरोबर इटलीला फिरायला जाते आणि ही पोरगी घरात एकटी, बास, स्टोरी एवढीच. पण स्वयंपाकासाठी आणलेला सोललेला ससा तसाच ताटात पडून राहतो, त्यावर माश्या बसायला लागतात, बटाट्यांना मोड येतात. किती दिवस गेले हे पिक्चर सांगतच नाही, तो ससा सांगतो. भिंतीतनं हात बाहेर येतात तो सीन फेमस आहे, पण मला विचाराल तर त्या सशासमोर हात काहीच नाहीत.

त्याच्या तीन वर्षं आधीचा कार्निव्हल ऑफ सोल्स, लई कमी पैशातला पिक्चर. त्यातली हिरॉइन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, गाडीच्या अपघातातनं वाचलेली. एकदा दुकानात कपडे बघत असताना अचानक सगळे आवाज बंद होतात, ही बोलतेय आणि समोरच्या बाईला ना ही दिसतेय ना ऐकू येतेय. नुसता आवाज काढून घेतलाय, बाकी काही केलेलं नाही, आणि तरी अंगावर काटा येतो.

आता माझा आवडता, जपानचा कैरो, २००१. डायरेक्टर कियोशी कुरोसावा (जुने नावाजलेले जपानी डायरेक्टर आकिरा कुरोसावा, त्यांचा हा कुणी लागत नाही, नुसतं आडनाव सारखं). यात भुतं इंटरनेटवरनं येतात, पण ती गळा दाबत नाहीत, त्यांना बघितलेली माणसं हळूहळू गप्प होत जातात आणि शेवटी भिंतीवर काळा डाग उरतो. आता जो सीन सांगतोय तो स्पॉयलर आहे, नको असेल तर थोडं पुढं ढकला. हारुए नावाची पोरगी आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर बघते तर स्क्रीनवर तीच, पाठमोरी, म्हणजे मागनं कुणीतरी तिला बघतंय. आपण असतो तर किंचाळत पळालो असतो. ती वळते, चालत जाते आणि रिकाम्या हवेला मिठी मारते, म्हणते मी एकटी नाहीये. अहो, तिला आनंद झालाय!

तुम्ही म्हणाल आपल्या सांगलीत कुठलं आलंय एकटेपण, विश्रामबागला गेटबाहेर पाय टाकला की चारजण विचारतात कुठं निघालास. खरंय, पण त्याच गल्ल्यांतनं बंगले बघा, पोरं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, वरच्या मजल्याला कुलूप. आमच्या ओळखीच्या एका आज्जींच्या हॉलमध्ये पोरानं कॅमेरा बसवलाय, काळजीपोटीच, तो पुण्यातनं मोबाईलवर बघतो. आज्जी जेवायला बसतात त्या कॅमेऱ्याकडं तोंड करून. मी हे बघितलं आणि मला हारुएचा सीन तेव्हा कुठं नीट कळला. जपानी डायरेक्टरला २००१ मध्ये, ते मोडेम करकर वाजायच्या काळात, हे कसं सुचलं असेल काय माहीत.

हॉलिवूडनं २००६ मध्ये कैरोचा पल्स नावानं रिमेक केला, त्यात भुतं अंगावर येतात, माणसांचा जीव शोषतात. झालं, मग बाकीच्या हॉररसारखाच तो पण, कारण अंगावर धावून येणारं कुणी असलं की एकटेपण राहतंय कुठं? म्हणून ओरिजिनलच बघा, सबटायटल वाचायचा कंटाळा करू नका, आणि फोनवर तर बघूच नका, टीव्हीला लावा, कारण या कुरोसावाचं भूत बऱ्याचदा फ्रेमच्या मधोमध नसतंय, मागं कुठंतरी अंधारात उभं असतं आणि फोनवर तो कोपरा नुसता काळा दिसतो.