ब्रॉयलरला तीन शिट्ट्या कशाला?

[दृश्य: लालबाग. गटारीच्या आधीचा रविवार, चिकनच्या दुकानापुढे रांग.]

निवेदन:
श्रावण तोंडावर आलाय. दुकानात कुणी करी कट मागतं, कुणाला नुसत्या तंगड्या हव्यात, जिमवाली पोरं ब्रेस्ट घेऊन जातात. पक्षी एकच, पण आचेवर हे तुकडे एकसारखे वागत नाहीत.

कोंबडीच्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रथिनं आवळू लागतात. ६५च्या पुढे तंतू आखडतात आणि पाणी पिळून बाहेर पडतं. ब्रेस्टमध्ये चरबी कमी, म्हणून ते चटकन चोथट होतं. तंगडीत चरबी जास्त, कोलॅजेनही जास्त, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन. रश्श्यात ते सावकाश विरघळून मऊ जिलेटिन होतं, त्यामुळे तंगडी थोडी जास्त शिजली तरी खपून जाते.

[दृश्य: गिरगावातलं स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी.]

कुकरमध्ये तापमान जवळपास १२० अंशांपर्यंत चढतं. गावठी कोंबडीला हे हवंच. ती बरेच महिने हिंडून-फिरून वाढलेली, तिचं कोलॅजेन चिवट. ब्रॉयलर मात्र जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. शिट्ट्यांचा हिशेब आपण आजीकडून घेतला, आणि आजीच्या कुकरात गावठी असायची! ब्रॉयलरला तीन शिट्ट्या दिल्या, की मांस हाडावरून सुटतं, पण दाताखाली दोऱ्यासारखं लागतं. सगळा रस रश्श्यात गेलेला असतो. मांसातली ब जीवनसत्त्वंही काही प्रमाणात तिथेच उतरतात, तेव्हा वडे बुडवून खाणाऱ्याचं काही बिघडत नाही.

त्यापेक्षा पातेलं घ्यावं, झाकणावर पाणी ठेवावं आणि मंद आच करावी. ब्रॉयलर अर्ध्या तासाच्या आत होतो.

[दृश्य: मोहम्मद अली रोड, रात्र. तंदूरमधून निघणाऱ्या सळ्या.]

पातेल्यात पाण्यात शिजणारं मांस १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून उकडलेलं चिकन फिकट दिसतं. तंदूरमध्ये पृष्ठभाग सुकतो, १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखरेची मायार्ड अभिक्रिया वेग घेते आणि तो खमंग तपकिरी रंग येतो. मुरवणातलं मीठ तंतू सैल करून पाणी धरून ठेवतं; दह्याची आंबटाई बाहेरच्या थरापुरतीच काम करते. काळ्याठिक्कर कडा मात्र काढून टाकाव्यात. तिथे हेटेरोसायक्लिक अमाइन्स तयार होतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी कर्करोग झालेला आहे.

[दृश्य: कापलेली तंगडी, हाडाजवळ लालसर मांस.]

हे बघून हॉटेलात किती ताटं परत जातात! कोवळ्या पक्ष्याचं हाड सच्छिद्र असतं, त्यातल्या मज्जेचा रंग शिजल्यावरही मांसात उतरतो. रंगावर जाऊ नये. सर्वात जाड भागात ७४ अंश भरले, की चिकन शिजलं.

[दृश्य: पुन्हा गिरगाव. पातेल्यात फोडणी.]

घरी थर्मामीटर नसेल, तर निदान सगळे तुकडे एकदम टाकू नका. आधी तंगड्या आणि हाडांचे तुकडे, दहा मिनिटांनी ब्रेस्ट.