सोबत आलेला डेटाबेस कुणाच्या हक्काचा?

मित्रहो, आज समोर सर्व्हर सांभाळणारे आहेत आणि खरेदीचे करार पाहणारेही आहेत. दोघं एका खोलीत आलात याचं मला मनापासून समाधान आहे. करारात काय लिहिलंय ते खरेदीवाल्यांना माहीत असतं, सर्व्हरवर प्रत्यक्ष काय चाललंय ते प्रशासकाला. परवान्याचा घोटाळा होतो तो या दोघांची गाठ न पडल्यामुळे.

मोठ्या संस्थेतली हजारो यंत्रं सांभाळणारं कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, त्याच्या पोटात एक डेटाबेस असतोच. कोणतं यंत्र कुठे आहे, कुणावर कोणता पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) चढला, कोणता राहिला, रात्री कुठला इशारा आला, ही सगळी नोंद तिथे साठते. पुष्कळदा या डेटाबेससाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. विक्रेता म्हणतो, तो आमच्या परवान्यातच आला. इथे थांबून विचारायला हवं : कशासाठी आला? कारण हा हक्क यंत्राला चिकटलेला नसतो, कामाला चिकटलेला असतो.

मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर हे यंत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर पाहा. त्याच्या परवान्यात एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस सॉफ्टवेअरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा वापर धरलेला आहे, आणि त्या वापरासाठी वेगळे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स म्हणजे कॅल, वापरणाऱ्या माणसागणिक किंवा यंत्रागणिक घ्यायचे परवाने, लागत नाहीत. पण मुभा आहे ती कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या घटकांपुरती : साइटचा (यंत्रांच्या एका व्यवस्थापन विभागाचा) मुख्य डेटाबेस, अपडेट वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएसचा डेटाबेस, अहवालांसाठी रिपोर्टिंग सर्व्हिसेस, डेटा वेअरहाउस अशी कामं. एंटरप्राइज आवृत्ती यात येत नाही, ती स्वतंत्र विकत घ्यावी लागते. अनेक साइट एकत्र सांभाळणाऱ्या केंद्रीय प्रशासन साइटला स्टँडर्ड आवृत्ती वापरली तर सगळ्या उतरंडीत मिळून 50,000 क्लायंटपर्यंतच, म्हणजे सांभाळल्या जाणाऱ्या यंत्रांपर्यंतच, आधार मिळतो. त्यापुढे जाणाऱ्या संस्थेनं हा खर्च आराखड्यातच धरायला हवा.

आता चूक कशी घडते ते सांगतो. एखादा हुशार, कामाची आस्था असलेला अभियंता असतो. त्याला संगणकांच्या मालमत्तेची नोंदवही करायची असते. माहिती तर याच इन्स्टन्सवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या याच प्रतीवर, पडलेली आहे, मेमरी भरपूर आहे, बॅकअपही रोज होतो. तो तिथेच आणखी एक डेटाबेस तयार करतो. एसक्यूएल सर्व्हर त्याला अडवत नाही, कसली सूचनाही देत नाही. पण त्या क्षणी त्या इन्स्टन्सचा वापर ठरलेल्या कामाबाहेर गेला, आणि आता त्याला रीतसर स्वतंत्र परवाना हवा. कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणना-घटकांच्या, हिशेबानं घ्यायचा तर व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या आभासी यंत्राला) किमान 4 कोअर मोजले जातात, यंत्र कितीही लहान असो. एका छोट्या नोंदवहीसाठी हा भुर्दंड! त्या अभियंत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अशी नोंदवही हवी असेल तर ती आधीच परवाना असलेल्या दुसऱ्या इन्स्टन्सवर ठेवावी.

एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत मिळणाऱ्या एक्स्प्रेस आवृत्तीवर चालणारी साधनं आहेत, त्यांची अडचण निराळी. तिथे एका डेटाबेसला एसक्यूएल सर्व्हर 2022 पर्यंत 10 जीबीची मर्यादा होती, 2025 मध्ये ती 50 जीबी झाली. इतिहास साठत जातो, मर्यादा गाठली जाते, आणि मग घाईत वरची आवृत्ती टाकली जाते. परवान्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

ओरॅकलकडे वळू, कारण तिथलं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. एंटरप्राइज मॅनेजर हे ओरॅकलचे डेटाबेस सांभाळणारं साधन. त्याच्या रिपॉझिटरीसाठी, म्हणजे नोंदींच्या साठ्यासाठी, एक सिंगल इन्स्टन्स डेटाबेस वेगळ्या परवान्याशिवाय वापरता येतो. त्याला अट अशी, की त्यातून सांभाळले जाणारे डेटाबेस रीतसर परवान्याचे असले पाहिजेत. त्याच डेटाबेसमध्ये आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाचा कॅटलॉग ठेवायलाही परवानगी आहे. तुमच्या स्वतःच्या अ‍ॅप्लिकेशनची टेबलं मात्र नाहीत. रिपॉझिटरी कधी बंद पडू नये म्हणून आरएसी (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर चालवणं) किंवा डेटा गार्ड (डेटाबेसची राखीव प्रत) जोडलात, तर मोफतची हद्द संपली.

याहून मोठा धोका रिपॉझिटरीत नाही, तर ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या डेटाबेसांत आहे. डायग्नॉस्टिक्स पॅक आणि ट्यूनिंग पॅक हे कामगिरी तपासण्याचे आणि सुधारण्याचे, स्वतंत्र पैसे मोजून घ्यायचे पर्याय आहेत, आणि ते फक्त एंटरप्राइज आवृत्तीवरच घेता येतात. ओरॅकल डेटाबेसच्या 11जी आवृत्तीपासून कंट्रोल_मॅनेजमेंट_पॅक_अ‍ॅक्सेस नावाचं एक पॅरामीटर, म्हणजे सेटिंग, आलं. एंटरप्राइज आवृत्तीत ते मुळातच असं ठेवलेलं असतं, की दोन्ही पॅक चालू. म्हणजे तुम्ही काहीही बदललं नाही, तरी दार उघडं. कन्सोलवर कामगिरीचं पान उघडलं, एडब्ल्यूआरचा, म्हणजे कामगिरीच्या साठवलेल्या नोंदींचा, अहवाल काढला, की पॅकचा वापर झाला. डीबीए_फीचर_यूसेज_स्टॅटिस्टिक्स या व्ह्यूमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यात, अशा वापराच्या नोंदी राहतात, आणि तपासणीला आलेले लोक आधी तेच पाहतात. पॅक घेतलेले नसतील तर हे पॅरामीटर पहिल्याच दिवशी 'नन' (एकही पॅक नाही) करा. नंतर केलं तर आधीची नोंद पुसली जात नाही. तोवर कामगिरी पाहायला स्टॅट्सपॅक आहे. तो जुना असला तरी त्याला पॅक लागत नाही, आणि माझ्या मते बऱ्याच ठिकाणी तेवढा पुरतो.

आयबीएमच्या बाबतीत थोडक्यात. तिथे सोबत आलेल्या डीबी2 या डेटाबेसला करारात सहायक प्रोग्रॅम म्हणतात, आणि त्याचा वापर मूळ प्रोग्रॅमच्या आधारापुरता असतो. मूळ उत्पादन व्हर्च्युअल मशीनवर सब-कपॅसिटी हिशेबानं, म्हणजे यंत्राच्या वापरलेल्या भागापुरताच परवाना घेऊन, चालवत असाल, तर साधारणपणे आयएलएमटी हे मोजणीचं साधन बसवावं लागतं, दर तिमाहीला अहवाल काढावा लागतो आणि ते अहवाल 2 वर्षं जपावे लागतात. अहवाल नसेल तर अख्ख्या यंत्राची क्षमता मोजली जाऊ शकते.

प्रशासकांनी आणि खरेदीवाल्यांनी मिळून एक कागद करावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. प्रत्येक इन्स्टन्सपुढे लिहा : हा कोणत्या उत्पादनासोबत आला, कराराच्या कोणत्या कलमानं, आणि यावर आज कोणकोणते डेटाबेस आहेत. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण तोच बदलत राहतो.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट हवी, ती बहुतेकांकडून सुटते. व्यवस्थापनाचं जुनं साधन बंद करून नवं आणलं, तरी जुना डेटाबेस 'इतिहास लागेल' म्हणून चालू ठेवला जातो. त्याचा हक्क तर त्या जुन्या साधनासोबत आलेला होता. साधन वर्गणीवर असेल तर वर्गणी संपली की तो हक्कही संपतो. म्हणून नूतनीकरणाची तारीख त्या कागदावर लिहा, आणि तिच्या आधीच लागणारा इतिहास साध्या फाइलींमध्ये किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये काढून घ्या.