स्वस्त गोळीच्या चाचणीचा खर्च कोणी करायचा?

हातात मावणाऱ्या या यंत्राला एक कागदी नळी जोडलेली आहे. समोर बसलेल्या माणसाने खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद तो रोखून धरायचा आणि मग छाती रिकामी होईपर्यंत सावकाश नळीत फुंकायचे. उच्छ्वासात कार्बन मोनॉक्साइड किती, ते लगेच आकड्यात उमटते. ‘सिगारेट सोडली’ असे सांगणाऱ्याचा शब्द पडताळून पाहण्याची ही सोपी रीत आहे आणि धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांच्या कित्येक चाचण्यांचा निकाल अशा फुंकरीवरच ठरतो. मात्र ती फुंकर घेण्यासाठी शेकडो माणसांना वर्षभराने पुन्हा शोधून बोलवावे लागते आणि त्याला पैसा लागतो.

युरोपात पिवळ्या फुलांच्या घोसांनी लगडणारे लॅबर्नम नावाचे झाड आहे. त्याला पाहून आपल्याला बहावाच आठवेल. त्याच्या बिया विषारी असतात. त्या बियांमध्ये सायटिसीन हे द्रव्य असते. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेनाशी झाली तेव्हा काही सैनिक या झाडाची पाने ओढत असत. मेंदूतील ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संकेत टिपणाऱ्या जागांवर, निकोटिन जाऊन बसते, तीच जागा सायटिसीनही अडवते. पण त्यांना ते थोडेसेच चेतवते, त्यामुळे तलफ मंदावते आणि सिगारेट ओढलीच तरी तिच्यात पूर्वीची तृप्ती उरत नाही. बल्गेरियात 1964 पासून ‘टॅबेक्स’ या नावाने त्याच्या गोळ्या मिळू लागल्या. औषध पंचवीस दिवसांचे असते. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला सहा गोळ्या घ्यायच्या, पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण थांबवायची आणि पुढे गोळ्या कमी करत जायचे.

पूर्व युरोपात हे औषध वर्षानुवर्षे वापरात होते, परंतु जुन्या अभ्यासांची मांडणी आजच्या कसोटीला उतरणारी नव्हती, म्हणून बाकीचे जग त्यावर विसंबायला तयार नव्हते. त्याच द्रव्याच्या रचनेवरून फायझर कंपनीने व्हॅरेनिक्लीन हे नवे औषध घडवले, मोठ्या चाचण्या केल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळवली. ते औषध गुणकारी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेटंटचे संरक्षण नसलेल्या, थोड्या पैशांत मिळणाऱ्या जुन्या गोळीवर कोट्यवधी खर्चून तिची परीक्षा घेण्यात कोणत्याही कंपनीला नफा दिसत नव्हता, आणि ज्यांना ती परवडली असती त्या गरीब देशांकडे चाचणीचा खर्च पेलण्याची ऐपत नव्हती. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

ती कोंडी सार्वजनिक पैशाने फुटली. ब्रिटनमधील सरकारी खाती, संशोधन परिषदा आणि धर्मादाय संस्था यांच्या सामाईक निधीतून पोलंडमध्ये वॉर्सा येथे 740 जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना सायटिसीन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेले पहिल्या गटात 8.4 टक्के, तर दुसऱ्या गटात 2.4 टक्के. आकडा लहान वाटेल, परंतु हे व्यसन किती चिवट आहे ते जाणणाऱ्याला साडेतीन पटींचा हा फरक केवढा मोठा आहे ते लगेच उमगेल. पुढे न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेच्या निधीतून 1310 जणांवर तुलना झाली. महिनाभर सिगारेटविना राहिलेले सायटिसीन घेणाऱ्यांत 40 टक्के आणि निकोटिनचे पॅच, च्युइंग गम किंवा चघळायच्या गोळ्या घेणाऱ्यांत 31 टक्के होते.

सगळेच निकाल असे आले नाहीत. युरोपीय संघाच्या निधीतून बांगलादेश आणि पाकिस्तानातील 2472 क्षयरोगी धूम्रपानकर्त्यांवर हीच गोळी तपासली गेली. सहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांत 32.4 टक्के आणि न घेणाऱ्यांत 29.7 टक्के जणांनी व्यसन सोडलेले होते. म्हणजे औषधाने ठळक फरक पडला नाही. दोन्ही गटांना समुपदेशन मिळाले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. असा निकालही तितकाच मोलाचा आहे, कारण क्षयरोग कार्यक्रमाचा तोकडा पैसा गोळीवर घालावा की बोलणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या माणसावर, याचा विचार त्यावरून करता येतो.

2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडवण्याच्या उपचारांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत सायटिसीनची शिफारस केली. जगातील सव्वाशे कोटी तंबाखूसेवकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोकांना सवय सोडायची आहे, मात्र सत्तर टक्क्यांना परिणामकारक मदत मिळत नाही, असेही संघटनेने तेव्हा सांगितले.

आपल्या देशात 2016-17 च्या पाहणीनुसार प्रौढांमध्ये सिगारेट ओढणारे 4 टक्के, तर बिडी ओढणारे 7.7 टक्के होते. आपल्याकडे पाकिटावर 1800-11-2356 हा मदतीचा क्रमांक छापलेला असतो आणि पलीकडून बोलणारा समुपदेशकही असतो. परंतु पोलंड आणि न्यूझीलंडमधील निष्कर्ष दिवसाला एक बंडल बिडी संपवणाऱ्या शेतमजुराला जसेच्या तसे लागू पडतील, असे धरून चालता येत नाही. त्याला नळी हातात देऊन पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगणारी आणि वर्षभराने पुन्हा बोलावणारी चाचणी आपल्या ग्रामीण रुग्णालयांत व्हायला हवी, आणि तिचा खर्च सरकारी संशोधन निधीतून व्हायला हवा.