तळहाताखालचा चौकोन

[पडदा काळा. कीबोर्डच्या कळांचा आवाज. पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर एकेक अक्षर बोलतो आहे. मध्येच तो भलतीच ओळ वाचू लागतो.]

निवेदन:
आत्ता जे ऐकलंत, त्यात टायपिंगची चूक नाही. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं अचूक कळांवरच होती. फक्त अंगठ्याखालचा तळहात क्षणभर कीबोर्डखालच्या चौकोनी टचपॅडला लागला. पडदा बघणाऱ्याला माऊसचा बाण हललेला दिसतो, तो मुकाट्याने परत जागेवर आणतो आणि विसरूनही जातो. कानांनी लॅपटॉप चालवणाऱ्याला मात्र तो बाण कुठे आहे हे कधीच माहीत नसतं.

[जळगाव बसस्थानक. धुळ्यात पांझरेचा पूल. नंदुरबारच्या रस्त्यावरची झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं.]

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्या. त्यातला १ टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. खानदेशातली कितीतरी मुलं या जागांकडे डोळे लावून अभ्यास करतात, आणि तो अभ्यास आज बराचसा लॅपटॉपवर होतो. लाइट गेली तरी तो चालतो, खांद्याला अडकवून एसटीत नेता येतो. बहुतेकांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए असतो. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर आजही फुकट मिळतो, आणि ईस्पीक या संगणकी आवाजात मराठीही वाचतो.

म्हणजे वाचणारा आवाज आहे, टाइप करणारी बोटं आहेत. अडतं ते या दोघांच्या मध्ये बसवलेल्या चौकोनापाशी.

[कीबोर्डवर ठेवलेले हात, अगदी जवळून.]

बघा. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. न बघता टाइप करणारा माणूस तिथे तर्जनी टेकवतो. अंगठे स्पेसबारवर येतात. त्याखाली बोटभर अंतरावर टचपॅड. १९९१ साली ॲपलच्या पॉवरबुक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड मागे, पडद्याकडे सरकला. पुढे तळहात टेकायला जागा झाली आणि त्या जागेच्या मधोमध ट्रॅकबॉल, म्हणजे बाण हलवायचा गोळा, बसला. १९९४ मध्ये ट्रॅकबॉलची जागा टचपॅडने घेतली. ट्रॅकबॉल हलवायला तो फिरवावा लागतो. टचपॅडला त्वचा नुसती लागली तरी पुरते. जी जागा हात टेकण्यासाठी केली, तिथेच स्पर्श ओळखणारी वस्तू ठेवली गेली, आणि आजच्या लॅपटॉपमध्ये ती आणखी मोठी झाली आहे.

कुणी म्हणेल, हीच मुलं मोबाइल तर झरझर वापरतात, तोही टचच. खरं आहे. पण मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू असताना बोट जिथे ठेवाल तिथलं नाव ऐकू येतं, आणि दोनदा टॅप केल्याशिवाय काही उघडत नाही. बोटाची जागा आणि पडद्यावरची जागा एकच. टचपॅडवर तसं नाही. बाण आधी जिथे असेल तिथून पुढे सरकतो, आणि टॅप झालं की तिथेच क्लिक होतं. ते ‘तिथे’ म्हणजे नेमकं कुठे, हे फक्त डोळ्यांना कळतं.

[पुन्हा काळा पडदा. टायपिंग सुरू.]

सगळ्यात वाईट प्रकार हा. तुम्ही अर्जातला परिच्छेद लिहिताय. हात लागतो, क्लिक होतं, कर्सर, म्हणजे अक्षर उमटण्याची जागा, चार ओळी वर उडतो. स्क्रीन रीडर तुमची अक्षरं बोलतच राहतो, क, म, ल, सगळी बरोबर. कानाला काहीच खटकत नाही. शेवटी सगळं वाचून पाहता तेव्हा कळतं, नवं वाक्य जुन्या वाक्याच्या पोटात घुसलंय.

दोन बोटं टेकली तर राइट क्लिकचा मेनू उघडतो, आणि पुढचं अक्षर त्यातला एखादा पर्याय निवडून टाकतं. तीन बोटं खाली सरकली तर सगळ्या खिडक्या मिटून डेस्कटॉप समोर येतो.

[मे महिन्यातली भुसावळची दुपार. कूलरची घरघर.]

त्यात आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टचपॅड त्वचेमुळे होणारा विजेचा सूक्ष्म बदल मोजतं, आणि घामाच्या ओलाव्याने तो हिशेब बिघडतो. बाण उड्या मारतो. शिकवणारे म्हणतात, हात उचलून टाइप कर. दिवसभर मनगटं अधांतरी धरून काम करायला सांगणं हा उपाय नाही, ती शिक्षा आहे.

विंडोजमध्ये यावर एक तोडगा आहे. कळ दाबल्यानंतर थोडा वेळ टचपॅडवरचं टॅप तो धरत नाही. पण स्क्रीन रीडर वापरणारा माणूस टाइप करतो, थांबतो, ऐकतो. ऐकताना हात खाली टेकतात, आणि तोवर तो वेळ संपलेला असतो.

[घराची ओसरी. बहीण लॅपटॉपसमोर, भाऊ दारात.]

बहीण: भाऊ, काल रात्री लॅपटॉप तू घेतला होता का?
भाऊ: हां ताई, पिक्चर पाहिला फक्त.
बहीण: टचपॅड चालू करून ठेवलं ना मग!
आई, आतून: काय व्हयनं वं माय?

एका घरात एकच लॅपटॉप असला की हे ठरलेलं. डोळस माणसाला टचपॅड हवं असतं, तो चालू करतो आणि तसंच सोडतो. मला विचाराल तर अशा घरात टचपॅड कायमचं बंद असावं, आणि भावाने तीन-चारशे रुपयांचा यूएसबी माऊस वापरावा.

[सेटिंग्ज उघडल्याचा आवाज. स्क्रीन रीडर पर्याय वाचतो.]

विंडोज ११ मध्ये विंडोज आणि आय या कळांनी सेटिंग्ज उघडा. ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड. तिथेच ते बंद होतं. माऊस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवण्याचा पर्याय तिथे आहे, त्याची खूण काढली की माऊस लावताच टचपॅड आपोआप थांबतं. बहुतेक लॅपटॉपवर वायरलेस माऊसचा नुसता इवलासा रिसीव्हर लावला तरी चालतं. माऊस बॅगेतच राहू द्या.

काही लॅपटॉपवर एफएनसोबत दाबायची कळही असते. पण तिने टचपॅड बंद झालं की चालू, हे सांगायला बऱ्याचदा पडद्यावर चित्र येतं किंवा बारीक दिवा लागतो. स्क्रीन रीडर गप्प. मग खात्री कशी करायची? माऊस ट्रॅकिंग, म्हणजे बाणाखालचं वाचून दाखवणं, चालू असल्याची खात्री करा (एनव्हीडीए कळ, म्हणजे बहुधा इन्सर्ट, आणि एम दाबून ते चालू-बंद होतं) आणि टचपॅडवर बोट फिरवा. आवाज बडबडला तर चालू, शांत राहिला तर बंद. एक मात्र लक्षात ठेवा: माऊस ट्रॅकिंग बंद केल्याने ही बडबड थांबते, क्लिक थांबत नाहीत. अनेकजण तिथेच फसतात.

काहीजण टचपॅडवर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चिकटवतात. पातळ कागद पुरत नाही, त्यातूनही बोट ओळखलं जातं. जाड पुठ्ठा लावलात तर झाकण मिटण्याआधी तो काढा, नाहीतर पडद्यावर दाब येऊन तो तडकू शकतो.

[लॅपटॉपचं दुकान. काउंटरवर उघडा लॅपटॉप.]

नवा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा रॅम आणि हार्ड डिस्कच्या आधी हे विचारा: टचपॅड बंद करायची कळ आहे का, आणि ती कुठे आहे? दुकानदाराला तिथेच एनव्हीडीए टाकायला सांगा. कळ स्वतः दाबून बघा, वर सांगितलेली बोट फिरवायची परीक्षा करा, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि टचपॅड आपोआप परत चालू होत नाही ना, ते तपासा. बिल त्यानंतर.