दुखऱ्या दंडाचे दोन दिवस : फ्लूची लस आणि गोव्याचा पावसाळा

[दृश्य : म्हापशाचा बाजार, मे महिना. सुक्या मिरच्यांचे ढीग, आमसुलं, सुकी मासळी.]

मे महिना लागला की गोव्यात पुरुमेंताची लगबग सुरू होते. मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी, कांद्याच्या माळा. पावसाचे चार महिने निभावतील एवढं घरात भरून ठेवायचं. फ्लूची लस घ्यायची वेळही हीच असते. पण तिची आठवण होते ती ऑगस्टमध्ये, घरात दोघं-तिघं तापानं आडवी झाल्यावर. तेव्हाही पहिला प्रश्न ठरलेला असतो : लस घेतली तर त्रास होतो ना?

होतो. बऱ्याच जणांना थोडासा होतो, अनेकांना काहीच होत नाही, आणि लाखांत एखाद्यालाही क्वचितच गंभीर काही होतं. लोक घाबरतात ते या तीन गोष्टींची सरमिसळ करून. म्हणून त्या एकेक करून पाहू.

[दृश्य : दवाखान्यातली टेबलावरची सिरिंज, अगदी जवळून.]

ही लस अर्धा मिलिलिटर असते. सुईसकट भरून आलेली सिरिंज, आत किंचित पांढुरकं द्रव. टोचण्याआधी ती हलवून घेतात. त्यात कण तरंगताना दिसले किंवा रंग वेगळा दिसला तर ती वापरत नाहीत. बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, रसायनानं मारतात, आणि मग त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांतलं कामाचं प्रथिन म्हणजे हिमॅग्लुटिनिन. ते विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम असतं. आता तीन प्रकार घेतले जातात : एच१एन१, एच३एन२ आणि बी व्हिक्टोरिया. बी यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात फिरताना आढळलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं तो वगळायला सांगितलं. फार्मसीत चार प्रकारांची लस मिळाली तरी घ्यायला हरकत नाही, तिनं नुकसान काही होत नाही.

यातलं काहीच जिवंत नसतं. त्यामुळे दंडात टोचलेल्या लसीनं फ्लू होणं शक्य नाही. नाकात फवारायची लस वेगळी. तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो आणि तिच्यानंतर नाक वाहू शकतं. गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्याला ती देत नाहीत.

मग लस घेतली आणि चार दिवसांत फ्लू झाला, असं सांगणारी माणसं खोटं बोलतात का? नाही. लस काम करू लागायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या आत विषाणूनं गाठलं तर फ्लू व्हायचा तो होतोच. शिवाय पावसाळ्यात सर्दी-तापाचे दुसरे कितीतरी विषाणू फिरत असतात, आणि ही लस त्यांच्यावर चालत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी : लशीतला विषाणू आणि गावात फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसला, तरी डॉक्टरकडे जावं लागेल एवढा फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. पूर्ण संरक्षण नाही. ही लस घ्यायची ती मुख्यतः न्यूमोनिया, इस्पितळ आणि अतिदक्षता विभाग टाळण्यासाठी.

[दृश्य : परिचारिका खांद्याचं हाड बोटांनी चाचपते.]

आता त्रासाकडे. सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे दंड दुखणं. टोचल्यावर काही तासांत सुरू होतं, पहिल्या रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, दुसऱ्या दिवसापासून उतरतं. जागा लाल होते, कधी थोडी सुजते. शरीरानं लस ओळखली आणि तिथं पेशी जमवल्या, त्याची ही सूज. हात धरून बसलं की जास्त आखडतो. त्यामुळे हात चालू ठेवा, विहिरीचं पाणी ओढायचं तेवढं त्या दिवशी दुसऱ्या कोणाला सांगा. गार पाण्याची पट्टी पुरते. चोळू नका, शेक देऊ नका.

टोचायची जागा महत्त्वाची. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाला लागतं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून, दंडाच्या जाड स्नायूत, सुई सरळ काटकोनात. सुई फार वर गेली तर लस सांध्याच्या पिशवीत शिरते. मग दोन दिवसांत खांदा दुखू लागतो आणि आठवडे उलटले तरी हात वर होत नाही. हा लसीचा दोष नाही, टोचणाऱ्याच्या हाताचा आहे, आणि तो टाळता येतो. बाही अर्धवट वर सरकवून नुसता दंडाचा वरचा भाग उघडा ठेवू नका. बाही खांद्यापर्यंत मोकळी करा किंवा सैल कपडे घालून जा. तरीही असं दुखणं सुरू झालं तर महिनाभर वाट न पाहता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी तसं सांगावं. बारीक सुई वापरतात आणि नंतर दोन मिनिटं दाबून धरतात. लस मात्र घेता येते.

दंडाव्यतिरिक्त काहींना अंग दुखतं, डोकं जड होतं, कणकण येते. हे एक-दोन दिवसांत जातं. इथं एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मोठ्या माणसांवरच्या अभ्यासांत अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं, कोणाला काय दिलं ते त्यांना न सांगता. फरक दिसला तो दंड दुखण्यात आणि लाल होण्यात. ताप, अंगदुखी, खोकला, घसा यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे लसीच्या खात्यावर जमा होणारा बराचसा ताप तिचा नसतोच.

ताप आलाच तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. मुलाला वजनाप्रमाणे, किलोमागे १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. नेमकी चूक होते ती सिरपमध्ये. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्या बाटलीत २५०. चमचा तोच, औषध दुप्पट. लेबल वाचून आणि सोबतच्या मापानंच द्या. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही. आणि ताप येईल म्हणून आधीच गोळी घेऊन जायचं काही कारण नाही.

[दृश्य : पाऊस. पणजीतली रस्त्याकडेची साचलेली डबकी.]

पावसाळ्यात लस घेतली असेल तर गोव्यात एक धोका विशेष आहे, आणि तो लसीचा नाही. ताप येतो, घरातले म्हणतात लसीचा असेल, उतरेल, आणि तीन दिवस जातात. तो ताप डेंग्यूचा, मलेरियाचा किंवा लेप्टोचा (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. टोचल्यापासून ४८ तासांच्या पलीकडे ताप राहिला, किंवा तिसऱ्या दिवशी नव्यानं आला, तर तो लसीचा समजू नका. रक्त तपासा. शेतात, चिखलात, गोठ्यात काम झालं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरं वेदनाशामक नको, कारण डेंग्यूत आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो.

आता गंभीर परिणाम. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला होते. ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत दिसते : अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वास अडकणं, गरगरणं. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. गाडी काढून लगेच निघायचं नाही. लस घेण्याआधी एक प्रश्न बेलाशक विचारा : तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, ॲड्रिनॅलिन, हाताशी आहे ना? नसेल तिथं लस घेऊ नका. काही जणांना, विशेषतः तरुण मुलांना, सुईच्या भीतीनं चक्कर येते. ती ॲलर्जी नव्हे. आडवं केलं की बरं वाटतं. पण उभ्यानं पडून डोकं फुटू शकतं, म्हणून टोचून घेताना बसायचं.

दुसरा परिणाम म्हणजे गुलेन बॅरे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. तिथं संशयाचं बोट होतं दूषित पाण्याकडे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायांपासून मुंग्या आणि अशक्तपणा वर चढत जातो. फ्लूच्या लसीनं याचा धोका वाढलाच तर तो दहा लाख डोसांमागे एक-दोन रुग्ण एवढा. १९७६ साली अमेरिकेत एका वेगळ्या लसीनंतर तो लाखामागे एक इतका दिसला होता, आणि तेव्हापासून दर वर्षी यावर नजर ठेवली जाते. खुद्द फ्लू झाल्यावर हा आजार होण्याचा धोका लसीपेक्षा जास्त आहे. तरीही आधीच्या लसीनंतर सहा आठवड्यांत ज्याला गुलेन बॅरे झाला होता, त्यानं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. आधीच्या डोसानं तीव्र ॲलर्जी झालेल्यानं ही लस घेऊच नये. अंड्याची ॲलर्जी हे आता नकाराचं कारण मानत नाहीत. त्या दिवशी अंगात सणसणून ताप असेल तर बरं झाल्यावर घ्या; साध्या सर्दीसाठी पुढे ढकलायला नको.

लसीनंतर काही गंभीर झालं तर ते कळवायला १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. त्यासाठी बॅच क्रमांक लागतो. म्हणून खोक्यावरचं स्टिकर वहीत चिकटवून घ्या, किंवा फोटो काढा.

[दृश्य : साखर तपासण्याचं यंत्र, बोटावर रक्ताचा थेंब.]

हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात काय, ते गोव्यात फार ठळक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं. देशाचं होतं ११.४. सगळ्या राज्यांत वरचा आकडा आपला. मधुमेह्याला फ्लू झाला की साखर हाताबाहेर जाते आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. हृदयाच्या बाबतीतही तसंच : फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवीच्या सुमारे सहापट असल्याचं कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं. दुखऱ्या दंडाचे दोन दिवस तोलायचे ते या धोक्याशी.

म्हणून आमचं मत सरळ आहे. मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार असेल, वय साठ-पासष्टच्या पुढे असेल, तर दर वर्षी घ्या. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घ्या. बाळाला सहा महिन्यांपर्यंत ही लस देता येत नाही, तेव्हा आईकडून मिळालेलं संरक्षणच त्याच्या कामी येतं. इस्पितळात काम करणाऱ्यांनी घ्यावीच. तिशीतल्या धडधाकट माणसानं नाही घेतली तर फार बिघडत नाही, पण घरात आजी असेल किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांच्यासाठी घ्यावी. हॉटेलात, टॅक्सीवर, विमानतळावर राबणाऱ्यांनीही, कारण त्यांच्यासमोर रोज नवा खोकला येऊन उभा राहतो.

सहा महिन्यांपासून नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे. दुसरा डोस राहून जातो आणि पहिल्याचाही पुरता उपयोग होत नाही. पुढच्या वर्षापासून एकच.

वेळेचं गणित असं. आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाबरोबर वाढतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा थोडा डोकं वर काढतो. जागतिक आरोग्य संघटना लशीतले प्रकार वर्षातून दोनदा ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. पावसाआधी आपल्याला दक्षिण गोलार्धाची नवी लस हवी. खोक्यावर वर्ष आणि 'एसएच' अशी अक्षरं पाहा. मेमध्ये घेतली तर पाऊस सुरू होईतो ती तयार असते. उशिरात उशिरा चवथीच्या दोन आठवडे आधी, कारण चवथीला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी एकाच घरात उतरतात आणि आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळी एका पंगतीला बसतात. तेही हुकलं तर ऑक्टोबरात घेतलेली लस जानेवारीच्या लाटेला कामी येते.

सरकारी राष्ट्रीय लसीकरणात ही लस नाही, त्यामुळे बहुतेकांना पदरमोड करावी लागते. पैसे वाया जातात ते मात्र दुसऱ्याच कारणानं. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. फार्मसीतून घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकून दुपारी दवाखान्यात नेली, तर ती तापते. बर्फाला थेट चिकटवून नेली तर गोठते, आणि गोठलेली लस वितळल्यावर दिसायला अगदी तशीच असली तरी निकामी असते. जिथं टोचणार तिथलीच घ्या. रात्री वादळानं वीज गेली होती का, फ्रिजला बॅकअप आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला दवाखाना तापमानाची वही काढून दाखवतो.

विचार करूनही लस नको असं ठरवलं, तर निदान पुढची तयारी ठेवा. वर सांगितलेल्या धोक्याच्या गटात असाल आणि पावसाळ्यात अचानक थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, अंग मोडून येणं सुरू झालं, तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टर गाठा. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध त्या मुदतीत सुरू केलं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर पडले, माणूस बरळू लागला, किंवा उतरलेला ताप खोकल्यासह परत चढला, तर गोळीची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ गाठा.