शकुंतला का थांबली?

मंडळी, ठाण्यात रेल्वेवर बोलायचं तर 16 एप्रिल 1853 म्हटल्याशिवाय सुटका नाही. मुंबई-ठाणे पहिल्या गाडीची ती तारीख तुम्हाला पाठच आहे. मी आज दुसरी सांगतो, 15 एप्रिल 1994. त्या दिवशी विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेजवरच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या 'शकुंतला' गाडीचं वाफेचं इंजिन कायमचं काढलं गेलं. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं, 1923 पासून गाडी ओढणारं. ठाण्याची लाइन घालणाऱ्या जीआयपीनंच, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनंच, पुढे शकुंतलाही चालवली, तरी आपल्याकडे तिचं नाव कुणी काढत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

माझं आजोळ दारव्ह्याचं, त्यामुळे ही गाडी मी अंगावर कोळशाची कणी घेऊन पाहिली आहे. फाटक आलं की गाडी आधी थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, झेंडी दाखवायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची, हा फाटक उघडायचा आणि पळत येऊन चढायचा. तिकिटंही पुष्कळदा गार्डच फाडायचा. एकदा गार्डनं शिट्टी ओठांना लावली होती, तेवढ्यात कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "थांब ना बापू, मामी येऊन राह्यली!" गार्डनं शिट्टी खाली केली. मामी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून आली, डोक्यावरचं गाठोडं आधी आत गेलं, मग मामी, मग शिट्टी वाजली. लोकलच्या दारात लटकणाऱ्या ठाणेकरांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं बघतात. बघा, आताही बघताहेत!

आता माझी तक्रार. शकुंतलेचं नाव निघालं की लोक एकच सांगतात, 'इंग्रजांची रेल्वे, अजून त्यांना पैसे जातात.' या लाइनची मालक असलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीमागे किलिक-निक्सन होती हे खरं. पण ती 1857 पासूनची मुंबईतली पेढी, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हाती गेलेली. राष्ट्रीयीकरणात ही लाइन सुटली, मालकी कंपनीकडे राहिली, गाडी मध्य रेल्वेनं चालवली. कंपनी आणि रेल्वे यांच्यातल्या करारावर जरूर बोला. पण त्या सनसनाटीत कारंज्याचा कापूस, अंजनगावचे प्रवासी, फाटक लावणारा तो माणूस, सगळे पुसले जातात. परवा एकानं मला तेच फॉरवर्ड पाठवलं, मी त्याला दोन पानं उत्तर लिहिलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. मूळ मुद्दा भरभर सांगतो.

शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनचं 1676. म्हणजे कापसाची प्रत्येक गठाण छोट्या डब्यातून उतरवायची, मोठ्या डब्यात चढवायची, मग ती मुंबईला. समोर बैलगाडीच होती तोवर ही हमाली परवडली. ट्रक आला आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या दारातून माल थेट गिरणीच्या दारात जाऊ लागला. कापूस गेला, कमाई गेली. मालक एक, चालवणारा दुसरा, मग रुळांवर पैसा कुणी घालायचा? वेग उतरला. मूर्तिजापूर-अचलपूर हे 76 किलोमीटर कापायला चारेक तास लागू लागले. एसटी त्याहून लवकर पोचवायची. ज्याच्याकडे एसटीचेही पैसे नव्हते, तेवढाच या गाडीत उरला, आणि त्याच्यासाठी भांडणारं कुणी नव्हतं.

पुढे ही लाइन ब्रॉडगेज, म्हणजे मोठी करण्याची घोषणा झाली, गाड्याही बंद पडल्या. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची नवी लाइन होते आहे. यवतमाळला त्या बाजूनं मोठी गाडी येणारच. मग यवतमाळ-मूर्तिजापूर हा 113 किलोमीटरचा पट्टा रुंद केला तर दारव्हा आणि कारंजा दोन्हीकडून मोठ्या लाइनला जोडले जातील, गठाण वाटेत उतरवायला नको. अचलपूरची शाखाही यात धरलीच पाहिजे, पण तिचं गणित वेगळं आहे. ते कुणाला हवं असेल तर चहाच्या वेळी विचारा, नकाशा आणला आहे.